आरती येते, पाणी मागता येत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विकाराभोवती फिरणारी निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे सदर त्या चौघांना दिले आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझे यजमान ५८ वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली आहे. उजवा हात बराच सुधारला, चालतातही. वर्तमानपत्र वाचतात, बातमीवर हसतात, डाव्या हाताने मोबाइलवर चार शब्द लिहून दाखवतात. पण बोलायला गेले की तोंड नुसते चाचपडत राहते. ‘चहा’ म्हणायचे असेल तर ‘टहा’, ‘सहा’, मग काहीच नाही, आणि शेवटी हाताने कपाची खूण. आश्चर्य असे की संध्याकाळी देवापुढे उभे राहिले की गणपतीची आरती न अडखळता म्हणतात. सासूबाई म्हणतात, ‘त्याला बोलायचंच नाही.’ शेजारी म्हणतात, ‘बुद्धीवर परिणाम झालाय.’ डॉक्टरांच्या कागदावर ‘अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ असे लिहिले आहे. हे नेमके काय आहे?

उत्तर : सासूबाईंचा तर्क चुकीचा आहे आणि शेजाऱ्यांचाही, हे आधी सांगते. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तुमच्या यजमानांना म्हणायचा शब्द माहीत असतो, तो म्हणायची इच्छाही असते आणि आपण चुकलो हेही त्यांना तत्क्षणी कळते. ‘टहा’ म्हटल्यावर ते थांबतात आणि पुन्हा प्रयत्न करतात, यावरूनच ते दिसते.

बोलणे तीन टप्प्यांत घडते असे समजा. काय म्हणायचे ते ठरते आणि त्यासाठी शब्द सापडतो, हा पहिला टप्पा भाषेचा. तो शब्द उच्चारण्यासाठी ओठ, जीभ, जबडा, टाळूचा मागचा मऊ भाग, स्वरतंतू आणि श्वास यांनी कोणत्या क्रमाने, किती आणि नेमके केव्हा हलायचे याचा आराखडा मेंदू तयार करतो, हा दुसरा. आणि तो आराखडा स्नायू प्रत्यक्ष पार पाडतात, हा तिसरा. अ‍ॅप्रॅक्सियात बिघाड होतो तो मधल्या टप्प्यात. शब्द जागेवर असतो, जिभेत आणि ओठांत ताकदही असते, पण त्यांच्यातला मेळ जुळत नाही.

‘चहा’ हा दोन अक्षरांचा शब्दच पाहा. जिभेचा पुढचा भाग टाळूला टेकून हवा क्षणभर अडवतो आणि मग ती घासत सोडतो, तेवढा वेळ स्वरतंतू स्तब्ध असतात आणि लगेच ‘अ’साठी कंप पावू लागतात, जीभ खाली येते, ‘ह’साठी श्वास मोकळा सुटतो आणि ‘आ’साठी जबडा उघडतो. हे सगळे अर्ध्या सेकंदाच्या आसपास उरकते, कारण सहज बोलताना आपण सेकंदाला दहा ते पंधरा ध्वनी काढत असतो. आता जीभ टेकली पण हवा घासत न सुटता एकदम सुटली, तर ‘ट’सारखे किंवा ‘त’सारखे काहीतरी ऐकू येते, हवा अडलीच नाही आणि नुसती घासत राहिली, तर ‘स’ होतो. तुमच्या यजमानांच्या ‘टहा’ आणि ‘सहा’ या दोन्ही चुका ‘च’च्या अगदी शेजारच्या आहेत. तीर सुटतो आहे, लक्ष्यही दिसते आहे, नेम मात्र बोटभर हुकतो आणि दर वेळी वेगळ्या बाजूला हुकतो. मराठीत तर नेमाला जागाच कमी आहे. ‘काल’, ‘खाल’ आणि ‘गाल’ यांत जिभेची जागा एकच असते; फरक असतो तो स्वरतंतू केव्हा कंप पावू लागतात आणि श्वास किती सुटतो याचा, आणि ते अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आतले असते. ‘पाट मांड’ म्हणायला जावे आणि ‘पाठ’ ऐकू यावे, ते यामुळे.

मग आरती कशी येते? आरती, पाढे, वारांची नावे, एक ते दहा आकडे, ‘नमस्कार’, ‘हो हो’, आणि लिहायला संकोच वाटतो पण शिव्यासुद्धा, हे सगळे हजारो वेळा म्हणून घोटले गेलेले असते. पहिला शब्द निघाला की पुढचे त्याच्यामागे ओढले जाते. दर शब्दाचा आराखडा नव्याने मांडावा लागत नाही. ‘पाणी दे’ हे मात्र त्या क्षणी, त्या माणसाला उद्देशून, मनात योजून म्हणायचे असते आणि तिथेच घोडे अडते. घरच्यांना हा विरोधाभास ढोंगासारखा वाटतो, तज्ज्ञाला मात्र तो निदानाचा धागा वाटतो.

हे नवे नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लेबोर्न नावाच्या एका रुग्णाचे वर्णन केले. त्याच्या तोंडून कोणत्याही प्रश्नाला ‘तान, तान’ एवढेच निघे आणि फार संतापला की एक शपथेचा उद्गार मात्र स्पष्ट बाहेर पडे. जीभ आणि ओठ लुळे नसताना वाचा गेली कशी, हा ब्रोकाचा प्रश्न होता. लेबोर्नच्या मेंदूची इजा मोठी होती आणि तिथे बरेच काही एकत्र बिघडलेले असणार, त्यामुळे त्याला आजचे एकच नाव चिकटवणे मला बरे वाटत नाही. पण प्रश्न तोच आहे. त्यावर ‘अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ हे नाव रूढ केले ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील फ्रेडरिक डार्ली यांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस.

तुमच्या कागदावरचे नाव आणखी दोन नावांपासून वेगळे काढावे लागते, कारण उपचार त्यावर ठरतो. अफेजियात भाषाच विस्कटते : शब्द सापडत नाही, ऐकलेले नीट उमगत नाही, लिहिण्यावाचण्यातही तशाच चुका होतात. डिसार्थ्रियात स्नायू अशक्त, ताठ किंवा संथ झालेले असतात. आवाज घोगरा किंवा नाकातून येतो, कधी गिळतानाही त्रास होतो आणि चुका दर वेळी बहुधा एकसारख्या असतात. अ‍ॅप्रॅक्सियात बोलणे संथ होते, स्वर लांबतात, अक्षरे सुटी सुटी पडतात, आघात, म्हणजे बोलताना अक्षरावर दिलेला जोर, सगळीकडे सारखाच येतो आणि शब्द जितका लांब तितकी चूक वाढते. पक्षाघातानंतर यांतले दोन किंवा तिन्ही विकार एकत्र राहू शकतात, किंबहुना निखळ अ‍ॅप्रॅक्सिया क्वचितच भेटतो. तुमचे यजमान वाचून हसतात आणि अर्थपूर्ण शब्द लिहितात, ही फार चांगली खूण आहे. तरी वाचन आणि लेखन यांची रीतसर तपासणी करून घ्याच.

ही तपासणी दिसायला पोरखेळासारखी असते. ‘प-प-प-प’ भराभर म्हणायला सांगतात, मग ‘त-त-त’, मग ‘क-क-क’. हे पुष्कळांना बऱ्यापैकी जमते. नंतर ‘प-त-क, प-त-क’ असे सलग म्हणायला सांगितले, म्हणजे ओठांवरून जिभेच्या टोकावर आणि तिथून मागे असा उड्डाणाचा क्रम आला, की गाडी रुळावरून घसरते. एकच शब्द तीनदा म्हणवून घेतात. मग शब्द लांबवत नेतात, आणि इथे मराठीने आम्हाला आयती शिडी दिली आहे : घर, घरात, घरातला, घरातल्यांना. ‘घर’ स्वच्छ म्हणणारा माणूस ‘घरातल्यांना’पाशी थबकतो, ओठ हलवून पाहतो, जीभ कुठे ठेवावी ते शोधतो. ते चाचपडणे एकदा जवळून पाहिले की कुणी त्याला नखरे म्हणणार नाही.

आता उपचार. १९७३ साली रोझेनबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायऱ्यापायऱ्यांची एक रीत मांडली. तिचे सार ‘माझ्याकडे पाहा, ऐका, माझ्याबरोबर म्हणा’ असे आहे आणि आजच्या पुष्कळ पद्धती तिच्यावरच उभ्या आहेत. तज्ज्ञ आणि रुग्ण समोरासमोर बसतात. आधी दोघे एकदम ‘पाणी’ म्हणतात. मग तज्ज्ञ नुसते ओठ हलवतो आणि आवाज रुग्णाचा असतो. मग रुग्ण ऐकून थोडे थांबून एकट्याने म्हणतो. शेवटी ‘तहान लागली की काय मागाल?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो शब्द यावा लागतो. प्रत्येक अक्षरागणिक टेबलावर बोट आपटल्याने किंवा तालयंत्राच्या ठोक्यावर बोलल्याने काहींचा उच्चार स्थिरावतो.

घरी करताना शब्द मोजके घ्या, पाच-सहाच, आणि ते त्यांना विचारून निवडा. पाठ्यपुस्तकातला ‘कमळ’ कशाला? ‘पाणी’, ‘नको’, ‘थांब’, तुमचे नाव, नातवंडाचे नाव, रिक्षावाल्याला सांगायचा थांबा, असे शब्द उपयोगाचे. दिवसातून एकदा तासभर रगडण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे चार-पाच वेळा बसणे चांगले. सुरुवातीला एकच शब्द सलग म्हणवून घ्या आणि तो बसू लागला की शब्द पालटून पालटून विचारा. तेव्हा चुका वाढलेल्या दिसतील, पण टिकते ते असेच शिकलेले. प्रत्येक प्रयत्नावर ‘बरोबर’, ‘चूक’ असा शेरा मारू नका. त्यांना स्वतःला आधी ऐकू द्या.

आरती सोडू नका, पण आरती म्हणवून घेतल्याने बोलणे येईल अशी आशाही ठेवू नका. शंभर आरत्यांनंतर एकशेएकावी आरती अधिक सुरेल होईल, एवढेच. सुराचा उपयोग निराळ्या रीतीने होतो. बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३मध्ये मांडलेल्या स्वरलय उपचारात रोजचे वाक्य खालच्या आणि वरच्या अशा दोनच सुरांत, डाव्या हाताने ठेका धरत, सावकाश आळवतात आणि मग सूर हळूहळू काढून घेऊन ते साध्या बोलण्यावर आणतात. ‘पा-णी-दे’ या तीन अक्षरांवर तो करून पाहता येतो, मात्र पहिल्यांदा तज्ज्ञासमोर.

आणि मोबाइलवरचे लिहिणे बंद करू नका. ‘लिहायची सवय लागली तर बोलणार नाहीत’ ही भीती मला दर आठवड्याला ऐकायला मिळते. लिहून, खुणेने, चित्राने काम भागले की जिवावरचा ताण उतरतो, आणि ताण उतरलेल्या माणसाचे तोंड अधिक मोकळेपणाने हलते.

प्रश्न : माझ्या भावाला हाच विकार आहे. एका ओळखीच्यांनी फुगे फुगवणे, शंख फुंकणे, जीभ नाकाला लावणे असे व्यायाम सुचवले, शिवाय ‘कच्चा पापड, पक्का पापड’ रोज पन्नास वेळा. वर्षभर करतो आहे, फरक नाही. आणखी किती दिवस करावे?

उत्तर : आजच थांबवावे. त्याच्या जिभेत ताकद कमी नाही, त्यामुळे ताकदीच्या व्यायामाने काही साधत नाही. शंख फुंकण्याच्या हालचालींचा आराखडा निराळा आणि ‘दादा’ म्हणण्याचा निराळा; एकाचा सराव दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही. पोहायला शिकायचे असेल तर पाण्यात उतरावे लागते, तसे बोलणे सुधारायचे असेल तर बोलण्याचाच सराव लागतो. ‘कच्चा पापड’ तर तुम्हाआम्हालाही अडखळवण्यासाठीच रचलेला आहे. ज्याचा नेम साध्या शब्दावर हुकतो त्याला पन्नास वेळा हुकायला लावून आपण चुकीचाच सराव करून घेतो. तो एक वर्ष नेटाने करत राहिला, या त्याच्या चिकाटीचे मात्र मोल आहे. ती योग्य शब्दांवर लावा.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त बंगळूरुला राहतो. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. सांगितलेले सगळे समजते, कोडी झटपट सोडवतो, पण परक्याला कळतील असे शब्द पंधरा-वीसच. ‘केळं’ आज ‘तेअं’, उद्या ‘एळं’, परवा ‘केया’. एकदा ‘विमान’ अगदी स्वच्छ म्हणाला आणि नंतर पुन्हा कधी आले नाही. आजी वेखंड उगाळून जिभेला लावतात. कुणी म्हणते जिभेखालची दोरी कापा, कुणी म्हणते वडीलही उशिरा बोलले होते, आणि शाळेतून सुचवले की घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला. आम्ही गोंधळलो आहोत.

उत्तर : प्रथम कानांची तपासणी करून घ्या, तो व्यवस्थित ऐकतो असे तुम्हाला वाटत असले तरीही. ती ठीक निघाली, तर बालवयातल्या अ‍ॅप्रॅक्सियाची शंका घेण्याजोगी चिन्हे तुमच्या पत्रात आहेत. निदान मी पत्रावरून करणार नाही. अमेरिकेतल्या वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७मध्ये तीन खुणा नमूद केल्या आहेत : तोच शब्द पुन्हा म्हणताना व्यंजनांत आणि स्वरांतही बदलत्या चुका होणे, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना वेळ लागणे किंवा सांधा तुटणे, आणि बोलण्याचा चढउतार, आघात बिघडणे. तुमच्या ‘केळ्या’च्या तीन तऱ्हा पहिल्या खुणेत बसतात. नुसता ‘र’चा ‘ल’ करणारे मूल यात मोडत नाही. ते नेहमी तीच चूक करते.

मोठ्यांमध्ये हा विकार मेंदूला झालेल्या इजेमुळे येतो, मुलांमध्ये बहुतेकदा अशी इजा सापडत नाही. काही मुलांत कारण जनुकात असते. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांमधल्या जवळजवळ निम्म्या माणसांना उच्चारांची अशीच अडचण होती आणि २००१मध्ये तिचा माग फॉक्सपी-टू या जनुकातील बदलापर्यंत लागला. तो बदल क्वचित आढळतो, पण इतके त्यावरून पक्के झाले की असा दोष आईवडिलांच्या लाडामुळे किंवा मोबाइलमुळे होत नाही. काही पालकांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, म्हणून लिहिली.

वेखंडाने जीभ चुरचुरेल, आराखडा सुधारणार नाही. आजींना हे न दुखावता सांगा आणि त्यांच्यावर दुसरे काम सोपवा. रोज रात्री एकच गोष्ट, त्याच त्या शब्दांत सांगायची आणि ‘मग कावळा म्हणाला…’पाशी थांबून त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे, हे काम आजीइतके चांगले कुणी करत नाही. जिभेखालची दोरी खरोखर आखूड असेल तर डॉक्टर तसे सांगतील, पण एकच शब्द तीन दिवस तीन तऱ्हांनी म्हणण्याचा दोष दोरीकडे जात नाही. दोरी बदलत नसते. वडील उशिरा बोलले असतील, तरी सव्वाचार हे वाट पाहण्याचे वय नाही.

मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे अ‍ॅप्रॅक्सिया होत नाही आणि एक काढून घेतल्याने जात नाही; जाते ती आजीशी बोलण्याची वाट. आठवड्यातून एकदा तासभर उपचार या मुलांना बहुधा पुरत नाही, तीन-चार छोटी सत्रे अधिक लागू पडतात. तोवर चित्रांचा तक्ता आणि हातांच्या खुणा मोकळेपणाने वापरा. अशा काही मुलांना पुढे अक्षरओळखीतही अडचण येते, म्हणून शाळेला आत्ताच कल्पना द्या. तज्ज्ञ शोधताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा. तुमच्यापासून मैसूर दूर नाही, तिथे १९६५पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचोपचार विभाग आहेत.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. पक्षाघात झालेला नाही, तरी दीड वर्षापासून बोलणे हळूहळू संथ आणि तुटक होत चालले आहे. स्मरण उत्तम आहे. हे वयामुळे असेल का? आणि अशा माणसाला दिव्यांगत्वाचा दाखला मिळतो का?

उत्तर : वयामुळे बोलणे थोडे संथ होते, तुटक होत नाही. झटका न येता हळूहळू वाढत जाणाऱ्या अ‍ॅप्रॅक्सियाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१२मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. यात सुरुवातीला फक्त बोलणेच बिघडते आणि स्मरण शाबूत असते, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात आणि वेळ जातो. मज्जाविकारतज्ज्ञांकडे याच महिन्यात जा. हा प्रकार निघाला, तर तो थांबवणारे औषध आज नाही, हे लपवण्यात अर्थ नाही; पण वेग आटोक्यात ठेवून बोलायला शिकता येते, आणि लिहून किंवा मोबाइलकडून बोलवून घेण्याची सवय आवाज आहे तोवरच लावता येते. एक काम आजच करा : त्यांच्या रोजच्या वाक्यांचे, हाका मारण्याचे, नातवंडांना सांगायच्या दोन गोष्टींचे ध्वनिमुद्रण करून ठेवा.

दाखल्याबद्दल : २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. त्याच्या व्याख्येत उदाहरण म्हणून अफेजियाचे नाव येते, अ‍ॅप्रॅक्सियाचे येत नाही. पण मज्जासंस्थेच्या कारणाने येणारे कायमस्वरूपी वाचादोष तीत बसतात. म्हणून अर्ज करताना तज्ज्ञाच्या अहवालात कारण आणि कायमस्वरूपी असल्याचा उल्लेख स्पष्ट हवा.

दाखला यायचा तेव्हा येईल. तोवर बँकेत आणि एसटीत वापरायला एक पुठ्ठ्याचे कार्ड करा, खिशात मावेल एवढे, आणि ते प्लॅस्टिकमध्ये बसवून घ्या. माझ्या एका रुग्णाने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेला मजकूर असा होता : ‘मला ऐकू येते. मला सगळे समजते. बोलायला वेळ लागतो. दोन मिनिटे थांबा.’ शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या होत्या.